हास्यक्लबात नव्याने येताय? चहाला थांबा

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच हास्यक्लबात येताय, तेव्हा सुरुवातीला अवघडल्यासारखं होणारच. भर बागेत हात वर करून हो-हो-हा-हा करायचं, आणि शेजारून कॉलेजची पोरं बघत जाणार! बघू देत. आपल्याला विनोद सांगता येत नाही ही चिंता तर सोडाच. डॉ. मदन कटारियांनी १९९५ साली मुंबईतल्या बागेत पाच जणांना घेऊन हे सुरू केलं, तेव्हा विनोद सांगत. पण ते लवकरच संपले, म्हणून विनोदाविना हसणं आलं. हर्निया असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

खरं सांगू, हसणं हे निमित्त. ते संपलं की लगेच घरी पळू नका. नंतरचा टपरीवरचा चहा चुकवायचा नाही. कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी, कुणाला रात्री झोप लागत नाही, हे तिथेच कळतं. दोन दिवस दिसला नाहीत तर फोन येतो, तोही या चहामुळेच. हार्वर्डमध्ये १९३८ पासून चालू असलेल्या अभ्यासातही जिव्हाळ्याची नाती असलेली माणसं म्हातारपणी जास्त निरोगी आढळली.

तुम्ही कुठल्या खात्यात साहेब होता, हे कुणी विचारल्याशिवाय सांगू नका. त्यापेक्षा वाढदिवसांची वही मागून घ्या. महिन्याभरात सगळे नावानिशी ओळखतील. वहिनींनाही आणा, पण शेजारी उभं करून ठेवू नका. त्यांच्या ओळखी त्यांना करू द्या.