व्हेनिसच्या जुन्या जकातघराचा आकार त्रिकोणी का आहे, आणि वरचा सोनेरी गोळा कशासाठी?

त्रिकोण वास्तुकाराने नाही, पाण्याने आखलाय. ग्रँड कॅनॉल आणि ज्युदेक्का हे दोन कालवे सान मार्को या मुख्य चौकासमोर जिथे एकत्र येतात, तिथल्या जमिनीच्या चिंचोळ्या टोकावर ही इमारत आहे. नाव पुंता देल्ला दोगाना, म्हणजे जकातीचं टोक. ('दोगाना' आणि आपला 'दिवाण' हे मुळात एकाच घरचे शब्द, फारसीतले.) समुद्रावरून आलेला माल इथे तपासायचे, खुष्कीचा रिआल्तो या बाजारपेठेजवळ. टेहळणीला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. पूर्वी इथे पहाऱ्याचा बुरूज होता, आजची इमारत वास्तुकार जुझेप्पे बेनोनीची, १६७७ ते १६८२ मधली.

गोळ्याचं म्हणाल तर टोकाला पांढऱ्या दगडाचे खांब, वर बुटका मनोरा, मनोऱ्यावर गुडघे टेकलेले दोन ॲटलस (ग्रीक पुराणातला आभाळ पेलणारा तो), त्यांनी पेललेला तो गोळा आणि गोळ्यावर उभी भाग्यदेवता फोर्तुना. ही मूर्ती शिल्पकार बेर्नार्दो फाल्कोनीने घडवलेली. वारा फिरला की देवी फिरते, म्हणजे चक्क वातकुक्कुट! शिडाच्या जहाजांच्या बंदरात वारा कुठला हे सगळ्यांनाच हवं असायचं. पण जकात भरायला आलेल्या व्यापाऱ्याच्या डोक्यावर फिरती लक्ष्मी बसवणाऱ्याला विनोदबुद्धी असणार, असं मला आपलं वाटतं.

मला खरी आवडली ती मागची बाजू. खांबांचा सगळा थाट टोकापुरता, पुढे निव्वळ गोदाम. विटांच्या जाड समांतर भिंती, त्यांच्यामध्ये लांबट गाळे, वर छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्या आणि मोठाली दारं थेट धक्क्यावर उघडणारी. होडी लावा, माल उतरवा, आत ढकला. टोकाकडे जाल तसे गाळे आखूड होतात, कारण दोन्हीकडून पाणी जवळ येत जातं. २००९ मध्ये जपानी वास्तुकार तादाओ आंदो यांनी इथे कलादालन केलं, तेव्हा या विटा आणि कैच्या उघड्या ठेवल्या आणि मधोमध गुळगुळीत काँक्रीटचा एक चौकोन घातला. तिथे लोक चित्रं बघत होते, मी मान वर करून कैच्या.

गोळा मात्र इमारतीखाली उभं राहून बघू नका. पलीकडच्या सान मार्कोच्या धक्क्यावरून बघा, जवळून नुसती मान अवघडते.