बायको दीड महिना आयसीयूत आहे, गळ्यात नळी असल्यामुळे बोलता येत नाही. नोकरी सांभाळून तिला धीर कसा देऊ?

धीर वगैरे नंतर बघू. आधी एक पुठ्ठा आणि मार्कर आणा.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात आमच्या सिंहगड रोडला, किरकटवाडी-धायरीकडे जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते) साथ आली त्यात माझी बायको सापडली. जुलाब झाले, बरेही झाले, मग दहाएक दिवसांनी पायाला मुंग्या, दोन दिवसांत जिना चढवेना आणि आठवड्याच्या आत व्हेंटिलेटर. आयव्हीआयजी (शिरेतून द्यायचं अँटीबॉडीचं महागडं औषध) किलोमागे २ ग्रॅम, तिचं वजन ६०, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या पाच दिवसांत, पैशाचं रडगाणं इथे नको. मुद्दा काय, की यात हातपाय जातात पण डोकं शाबूत असतं. तिला सगळं ऐकू येत होतं आणि आमची माणसं उशाशी उभं राहून "आता पोरांचं कसं व्हायचं" म्हणत होती!

गळ्यातून नळी टाकल्यावर मी पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहिली. स्वरांची ओळ, क ची ओळ, च ची ओळ, अशी. आधी ओळ विचारायची मग अक्षर, एकदा डोळे मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. काना-मात्रा सोडून द्या, नाहीतर संध्याकाळ होते.

पहिल्याच दिवशी तिने आ, त, य एवढं काढलं आणि मी उडालोच, आत्या! आत्याला बोलावू? तिने पटापट डोळे मिचकावले, किती वेळा ते मोजलंच नाही, बाहेर जाऊन फोन लावला. माझी आत्या कोथरूडहून रिक्षा करून आली, अंगारा लावला, पाय दाबले (त्या पायांना चादर लागली तरी आग व्हायची) आणि भेटीची वेळ संपेपर्यंत रडली. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा काढला तर परत आ, त, य. या वेळी गप्प बसलो. पुढचं अक्षर न. मग क.

आत्या अजून प्रत्येक लग्नात सांगते की सूनबाईने सगळ्यात आधी माझं नाव घेतलं. घेतलं, पण पुढे दोन अक्षरं होती. बायको म्हणते जाऊ दे, त्यांनी तीन महिने डबे पोचवले. डबे मान्य, पण पाय दाबायला कुणी सांगितलं होतं?

तर तिचा शब्द तुम्ही पुरा करू नका, तिलाच करू द्या, कितीही वेळ लागो. भेटायला येणाऱ्यांना सरळ दारातून परत पाठवा, वाईटपणा येतो, येऊ दे. दर दोन तासांनी कूस बदलली का हे सिस्टरना विचारत राहा, त्या वैतागल्या तरी. पायाला स्प्लिंट (पाऊल सरळ धरून ठेवणारा आधार) दिला असेल तर सांगितलाय तेवढा वेळ लावा, कंटाळा केला की टाच आखडते. नोकरीचं म्हणाल तर मी अर्धा पगार घेऊन अर्धा दिवस जायचो, सगळ्यांना जमेल असं नाही.

आणि हो, आजार कुठला ते तुम्ही लिहिलंच नाही. स्ट्रोक किंवा डोक्याला मार असेल तर अक्षरं जुळवणं जमेलच असं नाही, डॉक्टरांना विचारा. काही जणांना माणसं लागतातही आजूबाजूला, तेही आधी तिलाच विचारा.

आमची सात महिन्यांनी जिना चढली. पुठ्ठा अजून फ्रिजवर असतो, आत्या येणार असली की बायको तो कपाटात ठेवते.