जवानांची कमतरता खासगी कंत्राटांनी भरून निघेल का?

सैन्यात माणसे कमी पडत असतील, तर दुरुस्ती आणि भरतीसारखी कामे खासगी कंपन्यांकडे देऊन जवानांना लढण्यासाठी मोकळे का करू नये, असे तुम्ही विचारले आहे. मी ईएमईमध्ये, म्हणजे भूदलाच्या यंत्रसामग्रीची दुरुस्ती करणाऱ्या विभागात, इलेक्ट्रिशियन म्हणून बावीस वर्षे काढली आहेत आणि माझ्या मते हा हिशेब मुळातच चुकीचा आहे.

आमच्या एका उंचावरील चौकीवर नवा जनरेटर आला होता. त्याच्या देखभालीचे कंत्राट पुरवठादार कंपनीकडेच होते, आणि त्या कंत्राटाचा आधार घेऊन आमच्याकडील दुसऱ्या इलेक्ट्रिशियनची रिकामी जागा भरण्याचे टाळले गेले. एके दिवशी पहाटे जनरेटर सुरू होईना. स्टार्टर फिरत होता, पण डिझेल सोडणाऱ्या सोलेनॉइडजवळ (विजेवर चालणाऱ्या चुंबकी झडपेजवळ) स्क्रू ड्रायव्हरचे टोक धरले तरी चुंबकाची ओढ लागत नव्हती. म्हणजे तिथवर वीजच पोहोचत नव्हती. पॅनेलच्या फटीतून टॉर्च मारल्यावर अर्थिंगच्या तारेच्या टोकाचा धातूचा लग गंजून हिरवा पडलेला स्पष्ट दिसला. काम दहा मिनिटांचे होते. मात्र पॅनेलवर कंपनीचे सील होते आणि ते तोडल्यास वॉरंटी जाईल, असा लेखी आदेश होता. कंपनीचा इंजिनिअर एकोणिसाव्या दिवशी आला. तोपर्यंत जुन्या, दुप्पट डिझेल पिणाऱ्या जनरेटरसाठी दोन जवान रोज कॅन वाहून आणत होते. ज्यांना मोकळे करायचे म्हणून कंत्राट दिले, तेच हे जवान. इंजिनिअरने सील तोडले, लग पॉलिश पेपरने घासला, नट आवळला आणि जॉब कार्ड माझ्यापुढे सहीसाठी धरले.

त्या एकोणीस दिवसांपेक्षा मला जास्त सलते ते वेगळेच. माझ्या हाताखालचा पोरगा त्या काळात बिघाड शोधायला नव्हे, तर कंपनीला फोन लावायला शिकला. स्वतःच्या जबाबदारीवर दोष शोधणारा इलेक्ट्रिशियन घडायला, मी जेवढे पाहिले त्यावरून, पाच-सहा वर्षे लागतात. आणि २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवानच कायम राहणार आहेत. मार्च २०२३ मध्ये सरकारने राज्यसभेत दिलेल्या आकड्यांनुसार तिन्ही दलांत मिळून सुमारे १.५५ लाख जागा रिकाम्या होत्या, त्यांपैकी सुमारे १.३६ लाख एकट्या भूदलात. करोनाकाळात भरती थांबली, हे त्यामागचे एक मोठे कारण. पण जागा रिकामी असताना ते काम कंत्राटावर गेले की ती जागा पुन्हा भरायची गरजच कागदावरून पुसली जाते.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. ब्रिटनने २०१२ मध्ये भूदलाच्या भरतीचे सुमारे ४९.५ कोटी पौंडांचे कंत्राट कॅपिटा या कंपनीला दिले. डिसेंबर २०१८ मध्ये तेथील नॅशनल ऑडिट ऑफिसने नोंदवले की २०१३ पासून एकाही वर्षी भरतीचे उद्दिष्ट गाठले गेले नव्हते, आणि अर्जापासून प्रशिक्षण सुरू होईपर्यंत काही उमेदवारांना ३२१ दिवस लागत होते. इतके दिवस कोणता तरुण घरी बसून राहील? अमेरिकेत तर एफ-३५ विमानांच्या दुरुस्तीची तांत्रिक माहितीच सैन्याकडे पुरेशी नाही. मार्च २०२३ मध्ये त्यांपैकी जेमतेम ५५ टक्के विमाने मोहिमेसाठी सज्ज होती, असे तेथील सरकारी लेखापरीक्षकांचे म्हणणे आहे. माझे सील आणि त्यांचे सील यांत फरक फक्त किमतीचा आहे.

खासगी कंपन्या नकोतच, असे मात्र माझे म्हणणे नाही. रडारचे गुंतागुंतीचे भाग चौकीवर उघडणे मूर्खपणा ठरेल, आणि वर्कशॉपमध्येही कामचुकार माणसे मी पाहिली आहेत. कंत्राट द्यावे, पण पहिल्या पातळीची दुरुस्ती, सुटे भाग आणि तांत्रिक पुस्तिका युनिटच्या हाती राहतील, ही अट त्यात असावी.

आमचे दाजी हिशेब खात्यातून निवृत्त झाले आहेत. जवानाला आयुष्यभर पेन्शन द्यावी लागते, कंत्राटदाराला द्यावी लागत नाही, हा त्यांचा आवडता मुद्दा. एकोणीस दिवसांचे जादा डिझेल आणि कॅन वाहणाऱ्या दोन जवानांचा पगार कोणत्या रकान्यात धरायचा, असे मी त्यांना विचारले. त्यावर त्यांनी एवढेच विचारले की जॉब कार्डावर ‘काम समाधानकारक’ या ओळीखाली सही कोणाची होती. ती माझीच होती.