शिलाई मशीन की स्कूटी?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. शेतमजुरीचे ३०० रुपये रोज, तेही महिन्यातले १४ दिवस. तालुक्याला कपड्यांच्या कारखान्यात ९,००० चं काम मिळतंय, पण ते १४ किलोमीटर लांब आणि सकाळी ८ ला हजेरी. लाडक्या बहिणीचे साठलेले १८,००० आहेत, जुनी स्कूटी ३०,००० ला मिळतेय, कमी पडणाऱ्या पैशाला फायनान्सवाला कर्ज देतोय. घरचे म्हणतात, बाईला गाडी कशाला, मशीन घे आणि घरबसल्या शिव.

मशीन वाईट नाही. पण तुम्हीच लिहिलंय, गल्लीत आधीच तीन मशीन आहेत आणि ब्लाउजचे पैसे ‘पोळ्यानंतर देते’ म्हणून अडकतात. उधारीवर शिवणारी चौथी बाई कशाला व्हायचं? एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण पहिली गाडीच ९ ला येत असेल तर ती सवलत काय चाटायची?

आता हिशेब. आज हातात ४,२०० पडतात. कारखान्याच्या पगारातून पेट्रोल-सर्व्हिसिंगचे २,२०० काढले की ६,८०० उरतात, म्हणजे २,६०० जास्त. मात्र ते ९,००० हातात की कागदावर, हे आधी विचारा. पूर्ण पगारावर पीएफ कापला तर १,०८० तिथेच जातील. ते तुमच्याच नावावर जमा होतात, पण त्यातून हप्ता भरता येत नाही.

फायनान्सवाल्याचे ‘फक्त १२ टक्के’ फ्लॅट आहेत. मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पूर्ण रकमेवर. खरा दर २१ टक्क्यांच्या पुढे. त्यापेक्षा बचत गटातून महिना शेकडा १ रुपयाने, उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावून, २०,००० उचला. दहा हप्त्यांत फेडलंत तर एकूण व्याज १,१००, पण पहिला हप्ता २,२०० चा. पीएफ कापणार असतील तर २० हप्ते मागा: पहिला १,२००, एकूण व्याज २,१००.

स्वतःचे १०,०००च घाला. उरलेले ८,००० नाव बदलायला, विम्याला आणि दुखण्याखुपण्याला राहू द्यात. गाडी तुमच्याच नावावर हवी. नवऱ्याच्या नावावर घेतलेली स्कूटी कामाच्या वेळी पारावर उभी असलेली मी पाहिलीय. आणि दुचाकीने लाडकी बहीण बंद होत नाही, ती अट चारचाकीची आहे.

शिकाऊ लायसन्स आजच काढा. पक्क्यासाठी ३० दिवस थांबावंच लागतं. तेवढा महिना दुधाच्या टेम्पोत बसून, वडापने, कसंही कामावर जा. पहिला पगार हातात पडल्याशिवाय स्कूटीवाल्याला टोकन देऊ नका.