जुना संग्रह हलवायचा आणि स्कॅनही करायचा, तर आधी कोणाला विचारावं?

तुम्हाला जुन्या पुस्तकांचा संग्रह नव्या दालनात हलवायचा आहे, त्यातला काही भाग स्कॅन करायचा आहे आणि त्यासाठी कोणाकोणाची बैठक बोलवावी हे तुम्ही विचारलं आहे. माझं मत विचाराल तर बैठक इतक्यात नकोच. सगळे एकत्र बसले की "हो, करू या" म्हणतात आणि ज्याला खरी अडचण दिसते तो गप्प राहतो. आधी एकेकाला गाठा, तेही नेमका प्रश्न घेऊन.

मी ग्रंथालयाच्या तालिकीकरण विभागात, म्हणजे पुस्तकांची सूची (तालिका) करणाऱ्या विभागात काम करते, त्यामुळे माझं माप तिकडे झुकतं असेल. तरी पहिली फेरी तिथेच मारा. संग्रहातला कुठलाही एक कप्पा घ्या आणि एकेक पुस्तक दाखल नोंदवही (आलेल्या पुस्तकांची क्रमवार नोंद) आणि तालिकेशी ताडून बघा. जुन्या संग्रहात हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे पाच-सहा पुस्तिका एकाच पुठ्ठ्यात बांधलेल्या, दाखलांक (त्या नोंदवहीतला क्रमांक) एकच आणि तालिकेत फक्त पहिलीचं नाव. तो खंड तसाच स्कॅनिंगला गेला तर एकाच नावाची एक फाइल तयार होते आणि बाकीच्या पुस्तिका कोणाला कधीच सापडत नाहीत. अशा खंडांचं काय करायचं हे तालिकाकारच सांगू शकतो आणि त्याला लागणारा वेळ तुमच्या वेळापत्रकात धरावा लागतो. बहुतेक आराखड्यांत तो शून्य धरलेला असतो!

मग तोच कप्पा संवर्धनवाल्यांना दाखवा. "पुस्तकं ठीक आहेत का?" असं मोघम विचारू नका. पान ठिसूळ आहे का, पुस्तक किती अंशांपर्यंत उघडता येईल, बुरशी वाटते ती जिवंत आहे की जुना डाग, हे विचारा. घट्ट बांधणीचं पुस्तक १८० अंशांत सपाट दाबलं तर पाठ तुटते. त्याला व्ही आकाराचा आधार लागतो. जिवंत बुरशीचं पुस्तक तर आधी वेगळं काढायचं, नंतर बाकीचं बोलायचं.

इमारत विभागाला एकच विचारा: नव्या जागेची जमीन किती भार पेलेल? सरकत्या रॅकमध्ये (रुळांवर सरकवून एकमेकांना चिकटवता येणाऱ्या रॅकमध्ये) त्याच जागेत जवळपास दुप्पट पुस्तकं मावतात, म्हणून वजनही तेवढंच वाढतं. स्थापत्य अभियंत्याचं उत्तर लेखी घ्या.

आयटीकडे जाताना आकडा घेऊन जा. ए-४ आकाराचं रंगीत पान ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके), असंपीडित टिफमध्ये (आकार न दाबलेल्या चित्र-फाइलमध्ये) सुमारे २६ एमबी होतं, म्हणजे तीनशे पानी पुस्तक आठ जीबीच्या आसपास. ते दोन-तीन ठिकाणी ठेवायचं असेल तर तितक्या पटीनं जागा. दहा वर्षांनी त्या फाइल शाबूत आहेत का हे कोण तपासणार, हेही आत्ताच ठरवून घ्या. स्वामित्वहक्काचा (कॉपीराइटचा) प्रश्न स्कॅनिंगच्या आधी सोडवा. स्कॅन झालेलं पण वाचकांना दाखवता न येणारं साहित्य फुकटचा खर्च असतो.

एवढं झालं की बैठक बोलवा आणि देवघेव विभागाला विसरू नका. खोके भरायच्या आधी तालिकेतली पुस्तकांची स्थिती बदलली नाही तर वाचकाला "उपलब्ध" दिसतं आणि काउंटरवरचा माणूस रिकाम्या रॅकसमोर उभा राहतो.