प्रश्न तुमचे: अडतीस सवा किती?

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी धरणगाव भागातला, एमएस्सी गणित झालंय, दोन वर्षं झाली एका कॉलेजला तासिका तत्त्वावर शिकवतोय. यंदा बीए आणि बीकॉमच्या पोरांना ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेचा निवडीचा विषय) म्हणून व्यवहाराचं गणित आहे, दोन क्रेडिट, ३० तास, तो विषय माझ्याकडे आला. नाव लावलंय साठ जणांनी, वर्गात येतात वीस-बावीस. पहिल्याच दिवशी एक पोरगा उठून म्हणला, "सर, माले गणित जमत नही, पास करी द्या बस." सीनियर सांगतात की नोट्स द्या, सोपं सोपं घ्या, विषय संपवा. मी अॅनालिसिस, टोपॉलॉजी शिकून आलेला माणूस आणि इथं टक्केवारी शिकवायची, त्यात मानधन तीन-चार महिने येत नाही. या विषयात किती जीव लावू आणि शिकवू कसं?

उत्तर: भाऊ, तुमचं पत्र वाचून लगेच लिहायला बसले कारण हाच विषय मीही कला शाखेच्या पोरांना बरीच वर्षं शिकवलाय. आधी एक सांगते, जी पोरं सायन्सला गेली नाहीत त्यांच्यासाठीचं उरलंसुरलं गणित म्हणून या विषयाकडे बघू नका. तुमच्या बीएच्या पोरांनी अकरावी-बारावीत गणिताचं पुस्तक उघडलेलंच नाही, म्हणजे दहावीनंतर दोन वर्षं कोरी गेलीत, आणि या ३० तासांनंतर ती परत कधी गणिताच्या वर्गात बसतील असं वाटत नाही. म्हणजे जन्मभर पुरेल एवढं गणित त्यांना देणारे शेवटचे शिक्षक तुम्हीच आहात. ही जबाबदारी टोपॉलॉजी शिकवण्यापेक्षा कमी आहे असं मला आजही वाटत नाही.

आता "जमत नही" म्हणणाऱ्या पोराचं. माझ्या वर्गात यावलकडची एक मुलगी होती, घरची केळीची बाग, फळ्यावर ३८.४ गुणिले १२५० लिहिलं की वही बंद करून खाली बघत बसायची. एक दिवस मी नुसतं तोंडी विचारलं, अगं बाई, क्विंटलला १२५० चा भाव लागलाय आणि गाडीत ३८ क्विंटल ४० किलो माल भरला, तर घरी किती पैसे यायला पाहिजेत? तिनं पेन उचललाच नाही. म्हणाली, आठ क्विंटलचे दहा हजार, म्हणजे चाळीसचे पन्नास, आपला माल एक क्विंटल साठ किलो कमी, तो आठाचा पाचवा हिस्सा, म्हणजे दोन हजार वजा, अठ्ठेचाळीस हजार मॅडम. सगळा वर्ग गप्प. मी तिची रीत तशीच्या तशी फळ्यावर उतरवली आणि सांगितलं की याला त्रैराशिक म्हणतात, हे तुला आधीपासून येतं, फक्त ते लिहायचं कसं हे तुला कुणी दाखवलं नाही.

हे तिच्या एकटीचं नव्हतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पोरांचा एक अभ्यास १९८५ साली छापून आला, पोरं पाचच होती पण आकडे बोलके आहेत. गिऱ्हाईक म्हणून विचारलं तर १०० पैकी ९८ हिशोब बरोबर, तीच आकडेमोड कागदावर चिन्हं टाकून दिली तर ३७ च बरोबर. पोरं तीच, डोकं तेच. म्हणून पहिले दोन तास सिलॅबस उघडूच नका. कापूस, केळी, किराणा, गाडीचं अॅव्हरेज, जे त्यांच्या तोंडी असेल ते विचारा आणि उत्तर काय आलं यापेक्षा ते काढलं कसं हे बोलतं करा. पोरं अहिराणीत बोलली तर बोलू द्या, फळ्यावर तुम्ही मराठीत लिहा, परीक्षेपुरते इंग्रजी शब्द शेजारी टाका.

आणखी एक करा, पोरांना घरी जाऊन आजोबांना सवायकी, म्हणजे सव्वाचा पाढा, विचारायला सांगा. जुन्या माणसांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी तोंडपाठ असायची. १२५० म्हणजे सवा हजार, अडतीस सवा साडेसत्तेचाळीस, संपला हिशोब, वरचे चाळीस किलो म्हणजे पाचशे. पोरांना कळतं की गणित आपल्या घरातलंच आहे. आपल्या खान्देशात तर हे सांगायला लाजायचं कारणच नाही, चाळीसगावजवळ पाटण्याला शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथं मठ काढला त्याचा. त्यांच्याच ११५० सालच्या लीलावती ग्रंथात त्रैराशिकाचं पहिलंच उदाहरण बाजारातलं आहे, तीन सप्तमांश निष्काला (निष्क म्हणजे जुनं नाणं) अडीच पल (पल म्हणजे जुनं वजन) केशर मिळतं तर नऊ निष्कांचं किती? उत्तर साडेबावन्न पल. हे वर्गात घ्याच, अपूर्णांकाची भीती यानं बरीच जाते.

टक्केवारी हलकी म्हणालात तिथं मात्र मी अडते. गावात "दोन रुपये शेकडा" म्हणतात ते महिन्याचं असतं, वर्षाचे २४ टक्के झाले, हे कर्ज काढणाऱ्या घरातल्या किती पोरांना माहीत आहे ते विचारून बघा. मग त्याहून आतलं घ्या. ६०,००० चं कर्ज, एक वर्ष, "फ्लॅट १२ टक्के". व्याज ७,२००, एकूण ६७,२००, हप्ता ५,६००, ऐकायला बरं वाटतं. पण दर महिन्याला मुद्दल फिटत जातंय, शेवटच्या महिन्यात फक्त ५,००० उरलंय, आणि व्याज मात्र अजून पूर्ण ६०,००० वरच चाललंय. उरलेल्या मुद्दलावर १२ टक्क्यांनी हिशोब केला तर हप्ता साधारण ५,३३१ येतो आणि व्याज चार हजाराच्या आत. उलटं काढलं तर त्या फ्लॅट १२ चा खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातो. बारा महिन्यांचा तक्ता पोरांकडून हातानं भरून घ्या, एका ओळीत उरलेलं मुद्दल, व्याज, हप्ता, दोन तास गेले तरी जाऊ द्या. तुमची भूमिती श्रेढी यातच आहे, तुमचं अॅनालिसिस वाया गेलेलं नाही. मी हा तक्ता भरून घेतला त्या वर्षी एक पोरगा दुसऱ्या दिवशी मोटरसायकलच्या हप्त्याचा कागद घेऊन आला होता, त्याच्या भावाच्या नावाचा, आणि आम्ही दोघं स्टाफरूमच्या बाहेर उभं राहून तो वाचत होतो, मला ते अजून आठवतं.

सरासरीसाठीही गावच घ्या. नऊ शेतकरी, प्रत्येकी दोन एकर, दहावा ८२ एकरवाला, सरासरी दहा एकर, पण दहा एकर तर कुणाकडेच नाही. मध्यक, म्हणजे ओळीनं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, दोनच. एवढं समजलं की पेपरातली आकडेवारी पोरं वेगळ्या नजरेनं वाचतात.

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं तुमच्याकडे नक्की असतील, लेखी परीक्षेत अंकगणित असतंच, त्यामुळे ती ट्रिक मागतील. ट्रिक द्या, पण ती का चालते हे त्यांच्याकडून सांगून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण परीक्षेत आकडा जरा फिरवला की नुसती पाठ केलेली ट्रिक अडकते. मोबाईलचा कॅल्क्युलेटर वापरू द्या, आधी अंदाज वहीत लिहायचा एवढीच अट घाला.

राहिलं मानधन. हे दुखणं खरं आहे आणि "सेवा म्हणून करा" असं मी तुम्हाला सांगणार नाही, घर त्यावर चालत नाही. घेतलेल्या प्रत्येक तासाची तारीखवार नोंद ठेवा, दर आठवड्याला विभागप्रमुखांची सही घ्या, एक कॉपी स्वतःकडे ठेवा, बिलं बऱ्याचदा इथंच अडकतात. तासाबाहेरची कामं अंगावर आली तर त्याचं काय मिळणार ते लेखी विचारा, विचारण्यात उद्धटपणा नाही. आणि प्राध्यापकपदासाठी लागणारी सेट-नेट परीक्षा झालेली नसेल तर आठवड्याचे दोन दिवस त्यासाठी बाजूला काढा, दुसऱ्या कॉलेजचे तास मिळतायत म्हणून ते दिवस देऊन टाकू नका. भुसावळ-सुरत लाइनवर पॅसेंजरनं तास घेत फिरणारी हुशार पोरं मी पाहिलीत, दहा वर्षं निघून गेली, परीक्षा राहूनच गेली. तुमचं तसं होऊ नये असं मनापासून वाटतं.

प्रश्न: ताई, मी शिरपूरची, बीए पहिल्या वर्षाला आहे. दहावीला गणितात ३८ मार्क होते. दुसऱ्या शाखेचा विषय घ्यावा लागतो तर गणित घेऊ का? मैत्रिणी नको म्हणतात.

उत्तर: घे गं, बिनधास्त घे. ३८ मार्क म्हणजे तू पास झालेली आहेस, आणि हा पेपर दहावीचा नाही. फॉर्म भरायच्या आधी एक कर, घरचं लाइट बिल काढ. १०० युनिटपर्यंत एक दर असतो, १०१ ते ३०० ला दुसरा. समजा १४० युनिट आले, तर वाढीव दर सगळ्या १४० ला लागतो की फक्त वरच्या ४० ला? बिलावर बघून स्वतः हिशोब करून बघ, आईलाही दाखव. अडली तर बिलावरचं नाव आणि ग्राहक क्रमांक झाकून फोटो पाठव, पुढच्या अंकात तेच सोडवू.