कंपनीचा लोगो न दिसणारे सायकलिंगचे कपडे कसे शोधावेत?

आपला प्रश्न असा आहे की, सायकल चालवताना घालायची जर्सी आणि शॉर्ट्स हव्या आहेत, पण त्यांवर कोणत्याही कंपनीचे नाव किंवा चिन्ह दिसता कामा नये. असे कपडे मिळतात का, आणि मिळत असतील तर शोधायचे कसे? मीही काही वर्षे हाच शोध घेतला आहे, त्यामुळे अनुभवाने सांगतो की मिळतात. मात्र शोधाला लागण्यापूर्वी आपल्याला नेमके काय खटकते ते ठरवून घ्यावे. दहा पावलांवरून कुणाला नाव वाचता येऊ नये एवढीच अपेक्षा असेल, तर पर्याय भरपूर आहेत. कापडावर कोणतीही खूण अजिबात नको असेल, तर मात्र पर्याय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतात आणि बहुधा सुई-दोरा हाती घ्यावा लागतो.

सायकलीच्या कपड्यांवरच एवढी नावे का असतात, हे समजले की शोध थोडा सोपा होतो. पूर्वी शर्यतीतल्या संघांचा खर्च मुख्यतः सायकली आणि टायर बनवणाऱ्या कंपन्या उचलत असत. 1954 मध्ये इटलीचे सायकलपटू फिओरेंझो माग्नी यांनी नीव्हिया या क्रीमच्या कंपनीला आपल्या संघाचा खर्च उचलायला राजी केले, आणि सायकलीशी काही संबंध नसलेल्या मालाची नावे जर्सीवर येण्याची वाट तिथून रुंदावत गेली. पुढे शर्यतीतली जर्सी म्हणजे अशीच दिसायची, हे लोकांच्या डोळ्यांत इतके बसले की हौशी सायकलस्वारांसाठीचे कपडेही त्याच धर्तीवर तयार होऊ लागले. फरक एवढाच की व्यावसायिक खेळाडूला त्या जाहिरातीचे पैसे मिळतात आणि आपण मात्र तीच जाहिरात पदरचे पैसे मोजून अंगावर वागवतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की, 'रेस', 'टीम' किंवा 'प्रो' असे शब्द ज्या मालिकेच्या नावात असतील तिच्याकडे आपण वळूच नये. 'टूरिंग' (लांबचा प्रवास), 'कम्यूट' (रोजची ये-जा) किंवा 'ग्रॅव्हल' (खडीचे रस्ते) अशा नावांखाली येणारे कपडे बरेच शांत असतात.

ऑनलाइन शोधताना 'प्लेन', 'सॉलिड' आणि 'टोनल' हे शब्द उपयोगी पडतात. यांतला 'टोनल' विशेष लक्षात ठेवावा. कापडाच्याच रंगाची, किंचित गडद वा फिकी छटा वापरून छापलेल्या लोगोला तसे म्हणतात, आणि गडद निळ्या कापडावरचा गडद निळा लोगो जवळ येऊन पाहिल्याशिवाय दिसत नाही. 'प्लेन' या शब्दावर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नये, कारण विक्रेत्यांच्या भाषेत त्याचा अर्थ पुष्कळदा 'समोरून एकरंगी' एवढाच असतो. मी घेतलेली एक जर्सी छायाचित्रात अगदी कोरी दिसत होती; हातात आली तेव्हा पाठीवरच्या तिन्ही खिशांवर मिळून वीतभर रुंदीचे नाव होते. तेव्हापासून मी पाठ, दोन्ही कुशी, बाहीची कड आणि शॉर्ट्सच्या मांडीवरचा पट्टा यांची छायाचित्रे पाहिल्याशिवाय काहीही मागवत नाही, आणि ती दिलेली नसतील तर विक्रेत्याला सरळ विचारतो.

नावेच हवी असतील तर दोन सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोची ऑर्नॉट ही कंपनी याच विचारावर उभी आहे. इंग्रजीत तिच्या नावाचा अर्थच 'किंवा नाही' असा होतो, म्हणजे चालता-फिरता जाहिरातफलक व्हा, किंवा होऊ नका. दुसरी म्हणजे 2004 मध्ये लंडनमध्ये सुरू झालेली राफा, जिच्या सुरुवातीच्या जर्सींनी एकरंगी, साध्या कपड्यांची आवड पुन्हा रुजवायला मोठा हातभार लावला. पण इथे एक गंमत आहे. राफाच्या त्या क्लासिक जर्सीच्या डाव्या बाहीवर एक रुंद पट्टा असे, आणि सायकलस्वारांत तो इतका ओळखीचा झाला की नाव न छापताही कंपनी कोणती ते लांबून कळत असे. अनोळखी राहणे हाच आपला हेतू असेल, तर अशा खुणाही लोगोच समजाव्यात.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित पर्याय सायकलिंगच्या विभागाबाहेर सापडतो. गिर्यारोहकांसाठीचे मेरिनो लोकरीचे पातळ सदरे, किंवा धावणाऱ्यांसाठीचे साधे पॉलिएस्टरचे टी-शर्ट पुष्कळदा कोरे असतात, अथवा त्यांवर नखाएवढी खूण असते. घाम टिपून लवकर वाळण्याचे काम ते जर्सीइतकेच चांगले करतात. उणीव असते ती पाठीवरच्या खिशांची आणि मागून लांब असलेल्या घेराची, त्यामुळे हँडलवर वाकल्यावर कंबर उघडी पडते. खिशांची उणीव सायकलवर लावायच्या छोट्या पिशवीने भागते आणि घेरासाठी एक माप मोठे घेता येते, पण वेगाने जाताना सैल कापड फडफडते हे मान्य करावे लागेल. खालच्या कपड्यांबाबत मात्र तडजोड करू नये. शॉर्ट्समधला पॅड आपल्या अंगाला मानवणे ही पहिली अट. लोगोचा विचार त्यानंतर. उत्तम पॅडच्या शॉर्ट्सवर मांडीभर नाव असेल तर तिच्यावरून साधी सैल शॉर्ट्स चढवावी, म्हणजे प्रश्नच मिटतो.

असलेला लोगो काढता येतो का, हे तो कसा लावला आहे यावर अवलंबून आहे, आणि ते बोट फिरवून कळते. बोटाला काहीच जाणवत नसेल तर तो सबलिमेशनने छापलेला आहे, असे बहुधा समजावे. या पद्धतीत सुमारे 200 अंश सेल्सिअस तापमानाला रंगाची वाफ होऊन तो पॉलिएस्टरच्या तंतूंतच शिरतो. तो धुऊन, घासून किंवा ब्लीच लावून निघत नाही, उलट क्लोरीनच्या ब्लीचने कापडातल्या लायक्रा या ताणल्या जाणाऱ्या धाग्याची लवचीकता मात्र जाते. असा कपडा लोगोसकट स्वीकारावा किंवा घेऊच नये. बोटाला रबरासारखा उंचवटा लागत असेल, तर लोगो उष्णतेने चिकटवलेला असतो. आतल्या बाजूने केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा देत, चिमट्याने कोपऱ्यापासून हळूहळू ओढला की तो बऱ्याचदा सुटतो. घाई करून मी एकदा यासाठी इस्त्री वापरली होती. लोगो निघाला, पण इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा चकचकीत डाग कायमचा राहिला, जो मूळ लोगोपेक्षा जास्त नजरेत भरत असे. शिवाय कपडा जुना असेल तर लोगोखालचे कापड उन्हाने विटलेले नसते, आणि लोगो गेला तरी त्याची सावली उरते. म्हणून हे काम नवीन कपड्यावरच करावे. भरतकामाचा लोगो उलट्या बाजूने एकेक टाका उसवून काढता येतो. सुईची छिद्रे काही धुण्यांनंतर बरीचशी बुजतात. ताणल्या जाणाऱ्या कापडावर ठिगळ लावायचे झाले, तर तेही तशाच कापडाचे असावे आणि टाका नागमोडी घालावा, कारण सरळ टाका पहिल्याच ताणाला तुटतो.

स्वतःच्या नक्षीची जर्सी शिवून देणारे उत्पादकही आहेत. त्यांना पूर्ण एकरंगी नमुना देता येतो, मात्र बरेच जण त्यावर स्वतःचे चिन्ह टाकतात, तेव्हा ते वगळणार का आणि किमान किती नग घ्यावे लागतील, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

एका गोष्टीकडे माझे स्वतःचे उशिरा लक्ष गेले. पुष्कळ कपड्यांवर दिव्याच्या उजेडात चमकणारा भाग म्हणजे नेमका लोगोच असतो. तो काढला, किंवा साधेपणाच्या ओढीने काळा कोरा कपडा निवडला, तर संध्याकाळनंतर आपण वाहनचालकांना दिसेनासे होतो. परावर्तक पट्ट्या वेगळ्या मिळतात, त्यांवर नाव नसते, आणि त्या घोट्यांवर व गुडघ्यांवर बांधल्या तर पायडलबरोबर वर-खाली होणारी ती चमक पाहणाऱ्याला 'हा माणूस सायकल चालवतो आहे' असे पाठीवरच्या स्थिर ठिपक्यापेक्षा लवकर सांगते. दिवसासाठी कोराच पण उजळ रंग घ्यावा.

हेल्मेटवरचे नाव झाकायचे असल्यास वरून कापडी खोळ घालावी. थिनरसारखे द्रावक लावून अक्षरे पुसण्याचा किंवा वरून रंग फवारण्याचा मोह टाळावा, कारण त्यातल्या रसायनांनी बाहेरचे कवच आणि आतला फोम कमकुवत होऊ शकतो आणि ते वरून पाहून कळत नाही.